वारली चित्रकाराला पहिलं काम सांगताना

घराच्या भिंतीवर वारली चित्र हवं, शाळेत कार्यशाळा घ्यायची आहे किंवा संस्थेच्या दिनदर्शिकेसाठी बारा चित्रं हवीत. काम कुठलंही असो, ते थेट पालघर जिल्ह्यातल्या चित्रकाराला द्यावं असं वाटणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि ही फार चांगली गोष्ट आहे. अडतं ते पुढे. कुणाला गाठायचं, काय सांगायचं, पैसे किती, कागद कसला, चित्र घरी आल्यावर त्याचे पोपडे का निघाले, हे प्रश्न नवख्या माणसाला एकेक करून पडत जातात, आणि तोवर दोन्हीकडचा उत्साह ओसरलेला असतो. या कलेला खरा आधार मिळतो तो नीट सांगितलेल्या आणि वेळेवर पैसे मिळालेल्या कामाचा. असं काम द्यायचं कसं, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

१. काम सांगण्याआधी: चौक म्हणजे काय

वारली चित्राचं मूळ लग्नात आहे. लग्नघरात कुडाच्या भिंतीवर शेण आणि गेरूचा हात फिरवतात आणि त्यावर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. हो, चौक ‘लिहितात’. चहूबाजूंनी नक्षीची चौकट, आत सुफलतेची देवी पालघट, शेजारच्या छोट्या देवचौकात पाचशिऱ्या देव. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाणी म्हणत असते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही.

कागदावरचं आणि कापडावरचं वारली चित्र त्यामानाने अलीकडचं आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी या भागात कागद आणि रंग पोहोचवले. त्यानंतर डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नाच्या चौकाबाहेर रोजचं जगणं रंगवायला घेतलं: आवणी (भाताची लावणी), मासेमारी, वारूळ, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाया लिहीत असलेली चित्रं पुरुष काढू आणि विकू लागले तेही याच काळात.

काम सांगणाऱ्याने हे माहीत करून घ्यायचं ते एवढ्यासाठी की चौक हा सजावटीचा नमुना नाही. दिवाणखान्यासाठी चौक हवा असेल तर आधी विचारा: “दादा, चौक काढून देता का? चालतं का?” काही चित्रकार देतात, काही देत नाहीत, काही देवीची जागा रिकामी ठेवून फक्त चौकट काढतात. ‘नाही’ म्हणाले तर विषय तिथेच थांबवा, जास्त पैशांचं आमिष दाखवू नका. चौकात देवीच्या जागी कंपनीचं बोधचिन्ह किंवा नवरा-नवरीची नावं घालायला तर कधीच सांगू नये.

२. चित्रकार कुठे भेटतो आणि काम हाताचं आहे हे कसं ओळखायचं

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके या कलेचं घर. मुंबईहून लोकलने डहाणू रोडपर्यंत जाता येतं, पुढे एसटी किंवा वडाप. गावात जाण्याआधी फोन करून वेळ घ्या. न सांगता गेलात तर माणूस शेतावर, रानात किंवा वीटभट्टीवर गेलेला असतो आणि तुमचा दिवस वाया जातो.

प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर आदिवासींच्या मालाला बाजार मिळवून देणाऱ्या ट्रायफेड या सरकारी संस्थेची ‘ट्राइब्स इंडिया’ दुकानं, मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस हे बचत गटांचं प्रदर्शन आणि डहाणू व जव्हारची एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयं, इथून ओळखी निघतात. वारली चित्रकलेला भौगोलिक संकेत, म्हणजे जीआय (ठरावीक भागाच्या खास मालाच्या नावाला मिळणारं कायदेशीर संरक्षण) मिळालेला आहे. चेन्नईच्या जीआय रजिस्ट्रीकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवलेले चित्रकार आहेत, त्यांची नावं तिच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र यादीत नाव नाही म्हणजे चित्रकार खोटा, असं समजू नका. अर्ज करणं कित्येकांना जमलेलं नाही.

चित्र छापील आहे की हाताचं, हे उजेडात तिरपं धरलं की कळतं. हाताच्या रेघेला उंचवटा असतो. चित्र काढायची बांबूची काडी टेकते तिथे रंगाचा बारीक थेंब साचतो आणि रेघ पुढे जाता जाता रोडावते, मग पुन्हा काडी बुडवल्याची खूण दिसते. एकाच चित्रात दहा माणसं तंतोतंत सारखी असतील तर तो साचा आहे. हाताने काढलेल्या दोन माणसांचे गुडघे कधी सारखे वाकत नाहीत.

तारपा नाच पाहा. तारपकऱ्याभोवतीची माणसांची साखळी बंद वर्तुळाची नसते, गोगलगाईच्या शंखासारखी एका टोकाला उघडी असते, आणि नाचणारे तारप्याकडे पाठ करत नाहीत. नक्कल करणारे हमखास इथेच चुकतात. वर्तुळ बंद करतात आणि तारप्याची सनई करून टाकतात. खरा तारपा वाकडा असतो, वर दुधी भोपळ्याचा फुगीर भाग, खाली ताडाच्या पानांचा कर्णा.

३. वेळ शेतीच्या हिशेबाने ठरवा

पहिलं काम फसतं ते बहुतेक वेळा तारखेपायी. शहरातल्या माणसाला दिवाळीची भेट म्हणून चित्रं हवी असतात, म्हणून तो सप्टेंबरात फोन करतो. त्याच्या हिशेबात हातात दीड महिना असतो. तिकडे भात निसवलेलं, म्हणजे कणसं बाहेर पडलेलं असतं, मग कापणी, झोडणी. त्याआधी जून-जुलैत आवणी. आवणीच्या दिवसांत घरातलं लहानथोर शेतात असतं आणि चित्राला हात लागत नाही, लागूही नये. शिवाय पावसाळ्यात शेण-गेरू दिलेलं कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर राहिलं तर बुरशी धरतं.

दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा इतर कामांना घर सोडून जातात ती थेट उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. इथेच तुमच्या कामाचं मोल आहे. कापणी आटोपता आटोपता हातात काम आणि आगाऊ रक्कम असेल, तर निदान घरातल्या एकाला भट्टीवर जावं लागत नाही. म्हणून मोठं काम नोव्हेंबरच्या अखेरीस सांगा आणि मार्चपर्यंत मुदत द्या. दिवाळीसाठी चित्रं हवी असतील तर ती आदल्या उन्हाळ्यात करून घ्या. लग्नसराईत आणि चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते तेव्हा आठ-दहा दिवस इकडेतिकडे होणार, हे धरून चाला.

४. काय सांगायचं आणि काय सोडून द्यायचं

फोनवर किंवा भेटून पाच गोष्टी ठरवा. माप फुटांत किंवा इंचांत, कापड की कागद की भिंत, पार्श्वभूमीचा रंग, चित्रात काय चाललेलं असावं, आणि चित्र दाट हवं की विरळ. यातली शेवटची गोष्ट लोक विसरतात आणि किमतीचा घोळ होतो. तीन बाय दोन फुटांच्या कापडावर मध्ये एक नाच आणि कडेला दोन झाडं असतील तर ते दोन-तीन दिवसांचं काम आहे. त्याच मापात अख्खं गाव, शेतं, जाळ्यातले मासे, पान-पान सुटं काढलेलं झाड असेल तर आठवडा जातो, कधी जास्त.

बाकी चित्रकारावर सोडा. पेन्सिलचं कच्चं चित्र मागू नका. बहुतेक जण थेट काडीने सुरुवात करतात, आणि कच्चं चित्र गिरवायला लावलं की रेघ मरते. पिंटरेस्टवरचं चित्र पाठवून ‘असंच काढा’ म्हणणं दोन कारणांनी चूक आहे. ते बहुधा दुसऱ्या कुणा चित्रकाराचं असतं, आणि ज्याला वारूळ रंगवायला आवडतं त्याच्याकडून तुम्ही उगाच मोर काढून घेता. त्याऐवजी त्याने आधी केलेल्या चार चित्रांचे फोटो मागवा आणि “या दुसऱ्यासारखं, पण भातलावणीचं” असं सांगा.

सोनेरी रंग, पाच-सहा रंगांची वारली, माणसांच्या हातात लॅपटॉप अशा मागण्या होत असतात. रेल्वे, विमान, मोबाइलचा मनोरा चित्रकार स्वतःहूनही काढतात, कारण ते त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. त्यात काही वावगं नाही. मात्र तुमच्या मालाची जाहिरात त्यात कोंबायची असेल तर ते काम जाहिरातीच्या चित्रकाराला द्या.

५. पैसे: हिशेब असा मांडा

‘तुम्हीच सांगा काय द्यायचं’ असं म्हणून नवखा ग्राहक गप्प बसतो. समोरचा माणूस संकोचाने कमी आकडा सांगतो आणि दोघांनाही नंतर रुखरुख लागते. त्यापेक्षा खालची मर्यादा स्वतः काढा.

तुमच्या भागात निष्णात गवंड्याला दिवसाला जे देता त्याहून चित्रकाराची रोजंदारी कमी असू नये. समजा ती ९०० रुपये आहे. दाट चित्राचे ७ दिवस आणि कापड तयार करण्याचा १ दिवस, असे ८ दिवस: ७,२०० रुपये. कापड, गेरू, रंग, डिंक यांचे ५०० धरा. झाले ७,७००. यावर किमान पाव हिस्सा वाढवा, कारण बिघडलेलं कापड, फोनाफोनी, टपाल कचेरीची फेरी आणि कामाविना गेलेले दिवस यांचाही खर्च असतोच. म्हणजे सुमारे साडेनऊ हजार. ही झाली खालची पायरी. ज्याचं नाव झालेलं आहे त्याची किंमत तो ठरवतो, तिथे हा हिशेब पुढे करून घासाघीस करायची नाही.

निम्मी रक्कम काम ठरताच द्या आणि उरलेली चित्र हातात आल्यावर सात दिवसांत. काम मोठं असेल, समजा वीस चित्रं, तर चार-चार चित्रांचे टप्पे करा आणि प्रत्येक टप्प्याला पैसे चुकते करा. सगळी वीस झाल्यावर पैसे द्यायचं ठरवलंत तर मधल्या दोन महिन्यांत त्या घराने खायचं काय?

संस्थेकडून किंवा कंपनीकडून काम असेल तर तीन गोष्टी आधी तपासा. चित्रकाराकडे पॅन आहे का? टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर) लागू होत असेल आणि पॅन नसेल तर २० टक्के कापले जातात, आणि ‘पैसे कमी का आले’ हे कुणी नीट समजावूनही सांगत नाही. तुमचा हिशेब विभाग जीएसटी क्रमांकावर अडून बसतो का? उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या कारागिराला ती नोंदणी बंधनकारक नाही, हे विभागाला काम देण्याआधी सांगून मान्य करून घ्या. तिसरं म्हणजे उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी. ती मोफत असते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला, लेखी मुदत ठरलेली असली तरी, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत पैसे देणं कायद्याने भाग आहे, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांत.

पैसे कुणाच्या खात्यात जातात हेही पाहा. पुष्कळ घरांत चित्र दोघं मिळून करतात. एक जण माणसं काढतो आणि बायको झाडं, जाळी, चौकट भरते. सही मात्र एकाचीच असते. “ताई, यात तुमचं काम कुठलं?” असं सरळ विचारा, दोघांची नावं लिहून घ्या आणि जमल्यास तिचा वाटा तिच्या खात्यात टाका.

६. एक पानाचा करार, आणि तो का लागतो

या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

स्वामित्वहक्क (कॉपीराइट) कायदा, १९५७ नुसार चित्राचा हक्क सहसा चित्रकाराचा. पण याच कायद्याच्या कलम १७ मध्ये एक अपवाद आहे: मोबदला देऊन कुणी चित्र काढून घेतलं आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर हक्काचा पहिला मालक काम सांगणारा ठरतो. म्हणजे तुम्ही चांगल्या मनाने दहा हजारांना चित्र करून घेतलंत, कागद केला नाहीत, तर ते चित्र हजार पिशव्यांवर छापायचा हक्क तुमच्याकडे आला आणि चित्रकाराला त्यातला एक रुपयाही मागता येणार नाही. मूळ चित्र पुढे दहा हजारांहून जास्त किमतीला विकलं गेलं तर चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूद कलम ५३अ मध्ये आहे, पण तीही तो हक्काचा पहिला मालक असेल तरच. तयार चित्र विकत घेतलं तर हा प्रश्न येत नाही, सांगून करून घेतलं की येतो.

म्हणून मराठीत एक पान लिहा. वकिली भाषा नको. मजकूर असा चालेल:

“या चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील. ग्राहक मूळ चित्र स्वतःकडे ठेवू शकतो, लावू शकतो, कुणाला देऊ किंवा विकू शकतो. चित्राची छपाई करून विक्री किंवा जाहिरात करायची असल्यास वेगळा लेखी करार होईल व वेगळे मानधन दिले जाईल. चित्र जिथे दाखवले जाईल तिथे चित्रकाराचे नाव व गाव लिहिले जाईल.”

याखाली माप, विषय, एकूण रक्कम, आगाऊ रक्कम, मुदत, वाहतूक खर्च कुणाचा, आणि काम अर्ध्यात थांबलं तर झालेल्या दिवसांचे पैसे कसे द्यायचे, हे लिहा. मोठ्याने वाचून दाखवा. घरातलं शिकलेलं पोरगं असेल तर त्याला वाचू द्या. दोन प्रती काढा, एक त्यांच्याकडे ठेवा.

छपाईसाठीच चित्रं हवी असतील, म्हणजे दिनदर्शिका, कपडे, भेटकार्डं, तर कशावर छापणार, किती नग, किती वर्षं, कुठे विकणार हे सगळं कागदावर हवं. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर ती कायद्याने पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत. दर नगामागे ठरावीक रक्कम आणि सुरुवातीला एक ठोक रक्कम, असं दोन्ही ठेवणं योग्य. आणखी एक. एक चित्र घ्यायचं आणि मग कार्यालयातल्या डिझायनरकडून ‘तसलीच’ चाळीस काढून घ्यायची, हा प्रकार फार बोकाळला आहे. अशा मालावर ‘वारली चित्रकला’ असं लिहून विकणं म्हणजे जीआयच्या अधिकृत वापरकर्त्यांच्या हक्कावर पाय देणं आहे.

७. कापड, भिंत आणि बिघाड

कापडासाठी जाड मांजरपाट उत्तम. ते आधी धुऊन खळ काढून टाकलेलं हवं, नाहीतर गेरू नीट धरत नाही. शेण-गेरूचा थर पातळ आणि डिंक मिसळलेला असावा. जाड थर दिसायला छान, पण गुंडाळताना तडकतो. नुसत्या तांदळाच्या पिठाने काढलेलं चित्र लग्नाच्या भिंतीसाठी ठीक, कारण ते टिकावं अशी अपेक्षाच नसते. शहरातल्या घरात त्याला झुरळं आणि कसर लागते आणि पावसाळ्यात ते सुटतं. म्हणून बहुतेक चित्रकार पांढरा पोस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग वापरतात. त्यात फसवणूक नाही. पीठच हवं असा आग्रह असेल तर चित्र काचेमागे ठेवायची तयारी हवी.

सिमेंटच्या भिंतीवर चित्र काढून घेणार असाल तर चित्रकार येण्याआधी भिंत तयार ठेवा:

– नवा गिलावा असेल तर किमान चार आठवडे जाऊ द्या. गिलाव्यातला क्षार आणि ओल बाहेर पडत असताना दिलेला रंग फुगतो.
– ओल असलेली भिंत घेऊच नका. बाहेरच्या बाजूची गळती आधी थांबवा, मग एक पावसाळा पाहा.
– ऑइल पेंट असेल तर घासून काढा. गुळगुळीत तेलकट पृष्ठभागावर पांढरी रेघ सुकली की खपलीसारखी निघते.
– गेरूच्या छटेचे अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. सिमेंटवर खरं शेण-माती लावण्याचा हट्ट नको. ती मातीच्या कुडावर धरते, सिमेंटवरून सुटते.
– सहा फुटांच्या वर काम असेल तर भक्कम परांची बांधा. खुर्चीवर स्टूल ठेवून काम करून घेणं धोक्याचं आहे.

राहण्याची, जेवणाची सोय आणि येण्याजाण्याचे दिवसही पैशांत धरा. चित्रकार बाई असेल तर सोबत घरचं माणूस येईल, त्याचाही खर्च तुमचा. भिंतीचं काम बघायला शेजारीपाजारी जमतात आणि मग ‘जरा नाचून दाखवा’, ‘गाणं म्हणा’ सुरू होतं. घरमालकाने तिथेच थांबवावं. माणूस चित्र काढायला आलेला आहे.

चित्र टपालाने येणार असेल तर घडी घालू देऊ नका. निदान चार इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून, मध्ये पातळ कागद घालून गुंडाळायचं. रंग आत ठेवून गुंडाळला तर थर दाबला जाऊन चुरतो. नळी गावात मिळत नाही, ती तुम्ही आधी पाठवा. चौकट करताना काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये पट्टी घालायला सांगा. चित्र थेट उन्हात लावू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका.

८. शाळेतली कार्यशाळा

एका चित्रकारामागे पंचवीस-तीस मुलं, त्याहून जास्त नकोत. वेळ तीन तास. मानधन पूर्ण दिवसाचं, कारण जाऊन-येऊन त्याचा दिवसच जातो.

तीस मुलांसाठी पाव किलो तांदूळ रात्रभर भिजवा, अगदी मऊ वाटा आणि पंचातून गाळा. दोन मोठे चमचे बाभळीचा डिंक अर्धा कप कोमट पाण्यात विरघळवून त्यात मिसळा. ताकाहून किंचित दाट झालं पाहिजे. पातळ झालं तर रेघ पसरते, घट्ट झालं तर काडीवरून उतरत नाही. हे त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी आंबतं. जाड कागदांना आदल्या दिवशी गेरू द्या: पाव किलो गेरू, अर्धा लिटर पाणी, ५० ग्रॅम डिंक. काड्या बांबूच्या, टोक ठेचून किंवा चावून मऊ केलेलं.

मुलांना सुरुवातीला माणूस काढायला लावतात: दोन त्रिकोण, टोकाला टोक. ते ठीकच आहे, पण तेवढ्यावर थांबलं तर मुलं ‘वारली म्हणजे त्रिकोण’ एवढंच घेऊन घरी जातात. चित्रकाराला आधी दहा मिनिटं बोलू द्या. भात कसं लावतात, धान्याची देवी कणसरी म्हणजे कोण, वाघदेवाला का मानतात. ते त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या, मुलांना बरंच समजतं. मग मुलं स्वतःच्या परसातलं काहीतरी काढतील, तेही चालेल.

९. सरकारी कागदांत हात द्यायचा असेल तर

शहरात राहून करता येण्याजोगं हे उपयोगाचं काम आहे, पण नीट माहिती घेऊन करा. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र कारागिराला मिळतं आणि त्या विभागाच्या योजनांसाठी ते लागतं. आधारवरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळत नसेल किंवा आधारला जुना मोबाइल जोडलेला असेल तर अर्ज तिथेच अडकतो. आधी ते दुरुस्त करून घ्या. अर्ज करून देण्याचे पैसे मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दूर ठेवा.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल लोक चित्रकारांना सांगत राहतात. तिच्यातल्या अठरा व्यवसायांत चित्रकार नाही. टोपल्या, चटया, झाडू करणारे मात्र आहेत. घरात कुणी बांबूच्या टोपल्या करत असेल तर त्याच्यासाठी हा अर्ज करा: अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाखापर्यंत आहे.

बांबूच्या वस्तू मागवणार असाल तर इथेच एक सांगून ठेवतो. वस्तूला भुंगा लागून पीठ पडू लागलं तर दोष बहुधा विणीत नसतो, कोवळ्या किंवा न मुरवलेल्या बांबूत असतो. कोवळ्या बांबूत पिष्ट जास्त आणि भुंगा त्यावरच जगतो. तीन वर्षांच्या वरचा, हिवाळ्यात तोडलेला बांबू मागा आणि बोरिक अ‍ॅसिड व बोरॅक्सच्या पाच टक्के द्रावणात (एक भाग अ‍ॅसिडला दीड भाग बोरॅक्स) मुरवण्याचा खर्च किमतीत धरा. कारागिराने तो स्वतःच्या खिशातून करावा, ही अपेक्षा रास्त नाही.

१०. चित्र घरी आल्यावर

चौकटीच्या मागे चिठ्ठी लावा: चित्रकाराचं नाव, हातभार लावणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष, चित्राचा विषय. विषय चित्रकाराकडूनच विचारून लिहा. ‘खेड्यातलं जीवन’ असं काहीतरी मोघम लिहिण्यापेक्षा ‘कणसरीची पूजा’ हे पुढच्या पिढीला काही सांगेल. फोटो समाजमाध्यमांवर टाकताना नाव-गाव टाका, फोन नंबर मात्र विचारल्याशिवाय टाकू नका. रात्री-अपरात्री चौकशांचे फोन येतात आणि त्यातून काम एखादंच मिळतं. त्यापेक्षा चौकशी करणाऱ्याचा नंबर चित्रकाराला पाठवा.

आणि एकदाच पन्नास चित्रांचं काम देऊन पुढची पाच वर्षं फिरकलं नाही, तर त्या घराला आधार मिळत नाही. दरवर्षी चार चित्रं घ्या. कापणी आटोपली की पुन्हा फोन करा.